डावा जबडा, उजवा जबडा

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी एकदा लबाडी केली होती. वॉचग्लासमध्ये ग्लिसरीनच्या थेंबात एक नखाएवढा कवचधारी जीव पडलेला होता. ओल्या वाळूवर पाय पडला की टणाटण उड्या मारत पांगतात, त्या ॲम्फिपोडांतला. त्याचं एकेक उपांग सुटं करायचं, काचपट्टीवर मांडायचं आणि चित्र काढायचं, असं काम होतं. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, निघाल्या, पाय निघाले, डावा जबडा सुईच्या टोकावर अलगद आला. उजवा निघता निघता मोडला. दुसरा नमुना मागावा तर तास संपायला वीस मिनिटं उरलेली. मी डाव्या जबड्याचं चित्र पालथं करून उजव्याच्या जागी उतरवलं. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे असणार, त्यात पाहायचं काय?

मॅडमनी जर्नल उघडलं, दोन चित्रांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "उजवा पाहिलास?"

"हो मॅडम."

"नाही पाहिलास. पाहिला असतास तर असा काढला नसतास."

या प्राण्यांचे दोन जबडे एकसारखे नसतात, हे मला त्या दिवशी कळलं. जबड्याच्या टोकाला कातरायची धार असते आणि तिच्या शेजारी एक छोटा, बुडाशी हलणारा दात. डाव्या बाजूला हा हलता दात ठसठशीत असतो. उजवीकडे तो वेगळ्या घडणीचा असतो, बारीक असतो, काही कुळांत तर नसतोच. दोन्ही धारा मिटताना एकमेकींत नीट बसाव्यात म्हणून ही विषमता. आणि गंमत अशी की हा हलता दात म्हणजे कवचधाऱ्यांच्या एका मोठ्या समूहाची, पेराकॅरिडांची, ओळखीची खूण आहे. म्हणजे एवढं सगळं शरीर सोडून मी नेमकी खाडाखोड केली ती ओळखपत्रावरच्या फोटोत.

पुढे माझा पोटापाण्याचा उद्योग वेगळा झाला, पण एक सवय उरली. नव्या जातींची वर्णनं वाचायची. इतर लोक झोपण्यापूर्वी कथा वाचतात, मी 'पाचव्या पायाचा दुसरा खंड रुंद, मागची कड दंतुर' असलं काहीतरी वाचते. या वर्णनांची भाषा मला आवडते. तिच्यात क्रियापद जवळपास नसतंच. डोकं: इतकं लांब. शृंगिका: अशा. शेपटीची पट्टी: अशी. कुणी काही करत नाही, काही घडत नाही, नुसतं 'आहे' एवढंच, आणि तेही न लिहिता. अशा वाचनातच केव्हातरी हिरोंडेलिया गिगास ही त्याच उड्या मारणाऱ्यांच्या गणातली, खोल समुद्रातली जात भेटली आणि आजवर डोक्यातून गेली नाही.

पृथ्वीवरचा सगळ्यात खोल खड्डा म्हणजे पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेतला चॅलेंजर डीप. तिथला तळ सुमारे १०,९०० मीटरवर आहे. दाब वरच्या हवेच्या हजारपटीहून जास्त, तापमान शून्याच्या थोडंसं वर, उजेड नाही. मासेसुद्धा तिथवर पोचत नाहीत. २०२२ साली जपानजवळच्या एका गर्तेत ८,३३६ मीटरवर स्नेलफिश कॅमेऱ्यात सापडला, आणि माशांची हद्द जवळपास तिथेच संपते असं मानतात. त्याच्याही खाली अडीच हजार मीटर, तळावर मेलेला मासा बांधून सापळा सोडला, तर त्याच्यावर झुंबड उडते ती या जिवाची. फिकट पांढरट रंग, दोन्ही कुशींनी चेपलेलं शरीर, पाठीला बाक, लांबी साधारण ३ ते ५ सेंटिमीटर. आणि नाव गिगास. म्हणजे राक्षस!

नाव ठेवणाऱ्यांना हसू नये. बिर्स्टाइन आणि विनोग्रादोव या दोन रशियन संशोधकांनी १९५५ मध्ये कुरिल-कामचाटका गर्तेतल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं, तेव्हा तिच्या जवळपासच्या नात्यातले जीव तिच्याहून पुष्कळ लहान होते. गल्लीतला राक्षस गल्लीपुरता राक्षस असतो. खोल समुद्रातच तिची एक लांबची नातलग आहे, ॲलिसेला जायगँटिया, ती ३० सेंटिमीटरच्या वर जाते. तिच्यापुढे आमची गिगास म्हणजे चिमुरडी.

प्रजातीचं नाव आणखी मजेदार आहे. मोनॅकोचा राजपुत्र पहिला आल्बेर हा समुद्रवेडा माणूस. त्याच्या शिडाच्या नौकेचं नाव 'इरोंदेल', फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पाकोळी. त्या नौकेवरून गोळा झालेल्या जिवांमधल्या एकासाठी एदुआर शेव्ह्रो याने १८८९ मध्ये नवी प्रजाती केली आणि तिला नौकेचंच नाव दिलं. जातीचं नाव दिलं ट्रायऑक्युलाटा, म्हणजे तीन डोळ्यांची. तर पाकोळीच्या नावाची नौका, नौकेच्या नावाची प्रजाती, आणि त्या प्रजातीतली राक्षस म्हणवणारी बोटभर जात, जी आभाळापासून जगात सगळ्यात लांब राहते. इतकं वेडंवाकडं नाव ठरवून ठेवता आलं नसतं.

(जाता जाता एक तक्रार. वर्तमानपत्रांतून 'बेडकाची नवी प्रजाती सापडली' असं छापून येतं, तेव्हा सापडलेली असते नवी जात. प्रजाती म्हणजे अनेक जातींचं एक घर. घर आणि घरातलं माणूस यांत आपण फरक करतो, मग इथंच का नाही?)

आता शरीर. मी ते डोक्याकडून शेपटीकडे सांगणार आहे, कारण प्रॅक्टिकलला तसंच सांगायचं असतं. पण सगळीकडे सारखी थांबणार नाही.

या जिवाच्या गणाचं नाव ॲम्फिपोडा. लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१६ मध्ये ठेवलेलं. अर्थ 'दोन्हीकडे पाय'. वक्षाच्या ७ खंडांना ७ जोड्या पाय असतात. त्यांतल्या पुढच्या ४ जोड्या एका दिशेला रोखलेल्या, मागच्या ३ उलट दिशेला. कोळंबीला पाठीवरून ओढून घेतलेली ढाल असते तशी इथे नसते, त्यामुळे खंड बाहेरून सरळ मोजता येतात. डोळे असले तर देठावर नसतात, डोक्यातच बसवलेले असतात. वक्षामागे उदराचे ३ खंड, त्यांना पोहण्याचे ३ जोड्या झालरीसारखे पाय. हे पाय नुसते पोहायला नाहीत. ते हलत राहतात म्हणून पाणी पोटाखालून वाहत राहतं आणि पायांच्या मुळाशी लटकलेल्या कल्ल्यांना प्राणवायू मिळतो. त्यामागे आणखी ३ खंड, त्यांना ताठ, टोकदार अशा ३ जोड्या, आणि शेवटी एक छोटी पट्टी. ही शेवटची पट्टी काही जातींत अखंड असते, काहींत मधोमध चिरलेली, आणि ती चीर किती खोल यावर लोकांनी पानं भरली आहेत.

मोजणी करताना एक गफलत होते. वक्षाचे खंड खरं तर ८. पहिला खंड डोक्यात मिसळून गेलेला असतो आणि त्याचे पाय तोंडाशी जाऊन जेवणाच्या कामाला लागलेले असतात. चिमट्याने तोंडाचे भाग सुटे करताना सगळ्यात वर हीच जोडी लागते. पाय म्हणून जन्माला आली आणि हात म्हणून निवृत्त झाली. तिच्याखाली जंभिकांच्या, म्हणजे तोंडाच्या आणखी लहान उपांगांच्या, दोन जोड्या, मग जबडे.

वक्षाच्या प्रत्येक पायाचे ७ भाग. १४ पायांचे मिळून ९८ तुकडे. त्यातला सगळ्यात वरचा भाग पायासारखा दिसतच नाही. तो ढालीसारखा पसरून कुशीला चिकटलेला असतो. बाजूने पाहिलं तर अशा ढाली एकीशेजारी एक लागून पोटाखाली बोगदा तयार झालेला दिसतो, आणि त्या बोगद्यात कल्ले सुरक्षित. हिरोंडेलिया ज्या मोठ्या कुटुंबात मोडते, त्या लिसियानासॉइडिया मंडळींत चौथी ढाल सहसा थोराड असते आणि तिच्या मागच्या कडेला खाच असते. पाचवी ढाल त्या खाचेत येऊन बसते, सुतारकामातल्या सांध्यासारखी.

पण या मंडळींची खरी ओळख म्हणजे दुसरा पाय. इथे मला थांबायचं आहे.

ॲम्फिपोडांचे पहिले दोन पाय पकडायचे असतात. किनाऱ्यावरच्या कित्येक जातींत, विशेषतः नरांत, दुसरा पाय म्हणजे मुष्टियुद्धातला हातमोजा: फुगलेली मूठ आणि तिच्यावर मिटणारी वाकडी नखी. लिसियानासॉइडियांमध्ये त्याच जागी एक बारीक, लांब, लवचिक हात निघतो. ७ भागांपैकी तिसरा भाग इतरांत नुसता सांध्यापुरता आखूड असतो, इथे तो ताणून लांब केलेला. टोकाची मूठ छोटी, दाट बारीक केसांनी भरलेली, आणि नखी इतकी इवलीशी की भिंगाखालीसुद्धा आधी दिसत नाही. लहान मुलांचे बोटं नसलेले लोकरीचे हातमोजे असतात ना, फक्त अंगठा वेगळा, अगदी तसा पंजा. हा मारामारीचा हात नव्हे. जिथे मुठीचा पाय शिरणार नाही अशा फटीत तो शिरू शकतो. कुठल्याही खोलीवरचा असो, कुठल्याही समुद्रातला असो, हा केसाळ पंजा दिसला की ती व्यक्ती कुठल्या घराण्यातली हे सांगता येतं. पहिल्यांदा हा पाय चित्रात पाहिला तेव्हा मी चक्क स्वतःचा हात पुढे करून मनगट आणि कोपर यांच्यामध्ये आणखी एक कोपर असतं तर कसं झालं असतं, याचा विचार करत बसले होते.

पहिल्या शृंगिकेबद्दलही दोन शब्द. तिचा बुडाचा दांडा आखूड आणि जाड असतो, आणि पुढच्या भागावर वास घेणाऱ्या नाजूक नळ्यांचे दाट झुबके असतात. गर्तेच्या तळावर मेलेला मासा पडला की हे जीव लवकरच तिथे हजर होतात आणि त्याचा सांगाडा करून टाकतात. तिथे काही दिसायचा प्रश्नच नाही. पाण्यात पसरलेल्या वासाचा माग काढत पोचायचं असतं. ते सगळं काम या झुबक्यांचं.

आता वर्गीकरणाची शिडी. संघ संधिपाद, त्यात कवचधारी, वर्ग मॅलॅकोस्ट्रॅका, मग तो हलत्या दाताचा आणि पिल्लांच्या पिशवीचा पेराकॅरिडा, मग गण ॲम्फिपोडा. इथपर्यंतच्या पायऱ्या बऱ्यापैकी पक्क्या. पुढे मात्र शिडी हलते. या गणात १०,००० च्या वर जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य अनेक वर्षं गॅमॅरिडिया नावाच्या एका उपगणात कोंबलेल्या होत्या. दुसरीकडे कुठे बसत नाही ना, मग टाका गॅमॅरिडियात. घरात एक खण असतो, ज्यात जुन्या किल्ल्या, अर्धी पेन्सिल, कशाचं तरी झाकण असं सगळं असतं, तसा हा उपगण. लाउरी आणि मायर्स या दोघांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये तो खण उपसला आणि सगळ्या गणाची नव्याने मांडणी केली.

खुद्द गिगासचं सामानही हललेलं आहे. बिर्स्टाइन आणि विनोग्रादोव यांनी तिला टेट्रोनिकिया या प्रजातीत घातलं होतं. पुढे ती हिरोंडेलियात आली. म्हणून तिच्या पूर्ण नावापुढे त्या दोघांची नावं आणि १९५५ हे साल कंसात लिहितात. नावापुढचा तो कंस म्हणजे 'यांनी ओळखलं, पण घर पुढे बदललं' असा शेरा. मला हा कंस फार सभ्य वाटतो. चूक झाली असं कुठे लिहायचं नाही, श्रेय काढून घ्यायचं नाही, नुसते दोन वक्र उभे करायचे. २०१० मध्ये हिरोंडेलियासाठी स्वतंत्र कुळही झालं, हिरोंडेलिडी.

तिथे खाली ती खाते काय, हा प्रश्न राहतोच. मेलेला मासा रोज पडत नाही. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये चॅलेंजर डीपमध्ये सापळे सोडून १८५ जीव पकडले आणि त्यांच्या शरीरातली पाचकद्रव्यं तपासली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निघालं ते असं, की ही लाकूड पचवू शकते. सेल्युलोज तोडून त्याची साखर करणारं पाचकद्रव्य तिच्या अंगात आहे. जमिनीवरून वाहत गेलेल्या, बुडालेल्या, कुजत कुजत ११ किलोमीटर खाली उतरलेल्या झाडापाल्यावर तिचं भागू शकतं. ज्या जिवाने कधी उजेड पाहिला नाही, त्याच्या पोटात झाड पचवायची सोय.

त्याच गटाने २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली, आणि ती मला पहिलीपेक्षाही विलक्षण वाटते. कवचधाऱ्यांच्या कवचात चुन्याचा अंश असतो. समुद्रात सुमारे ४ ते ५ हजार मीटरच्या खाली चुना टिकत नाही, पाणी तो विरघळवून टाकतं. मग त्याच्या दुप्पट खोलीवर कवचाचा जीव राहतो कसा? गिगासच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या जेलचा पातळ थर सापडला. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियम नगण्य असतं, पण तळाच्या गाळात असतं. ती गाळ गिळते. पचलेल्या पाल्यापासून तयार झालेलं आम्ल पोटात त्या गाळातलं ॲल्युमिनियम सोडवतं, आणि ते बाहेरच्या किंचित अल्कधर्मी पाण्याला भेटलं की त्याचं जेल होतं. म्हणजे जे पाचकद्रव्य पाल्याची साखर करतं, त्याच्याच कामावर पुढचं चिलखत उभं आहे. शरीररचना शिकताना पचनसंस्था एका पानावर आणि कवच दुसऱ्या पानावर असतं. मधे पान उलटताना आपण किती गोष्टी तोडतो कोण जाणे.

उजव्या जबड्याची आठवण मला पुन्हा आली ती एका वेगळ्याच जिवामुळे. युरिथिनिस ग्रिलस. ग्रिलस म्हणजे रातकिडा. हीही खोल समुद्रातली मुर्दाखाऊ, गिगासपेक्षा बरीच मोठी, रंगाने लालसर. १८२२ पासून हे नाव चालत आलं आणि उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत, कुठल्याही महासागरात असा लाल जीव सापळ्यात आला की त्याच्या बाटलीवर हीच चिठ्ठी लागायची. एकच जात, सगळ्या जगभर. खोल समुद्र सगळीकडे सारखाच गार, सारखाच काळोखा, मग जात वेगळी कशाला असेल? २०१३ मध्ये काही संशोधकांनी ठिकठिकाणच्या नमुन्यांचा डीएनए ताडून पाहिला आणि त्या एका नावाखाली निदान नऊ वेगवेगळ्या वंशरेषा निघाल्या. त्यांना वेगळं ठेवणारी एक सीमा महासागरांमधली नव्हतीच, खोलीची होती. सुमारे ३,००० मीटरच्या वरचे वेगळे आणि खालचे वेगळे. मग लोक पुन्हा भिंगाकडे वळले, आणि ढालींच्या कडा, पंजाचे आकार यांत फरक दिसू लागले. ते फरक आधीही तिथेच होते. एका महासागरातला जीव पाहून दुसऱ्यातला न पाहताच काढलेला होता, इतकंच. वाचताना मला मॅडमचा आवाज ऐकू आला हे कबूल करते, आणि थोडं बरंही वाटलं.

या फाळणीतून २०१५ मध्ये जी नवी नावं आली, त्यांत एक आहे युरिथिनिस अंधकारी. लॅटिन प्रत्यय लागला आहे, पण शब्द आपला ओळखीचा, संस्कृतातला अंधकार. रोमन लिपीतल्या त्या यादीत तो शब्द पाहून मी दचकले होते. गर्दीत अचानक कुणी घरच्या नावाने हाक मारावी तशी.

आणि २०२० मध्ये आलं युरिथिनिस प्लॅस्टिकस. मारियाना गर्तेतच ६,००० ते ७,००० मीटरच्या पट्ट्यात सापडलेली जात. वर्णन करण्यासाठी उघडलेल्या एका नमुन्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात प्लॅस्टिकचा एक धागा निघाला, बाटल्या आणि कपड्यांत असतं त्या पेट जातीच्या प्लॅस्टिकचा. जातीला नाव त्यावरून पडलं. सहसा नाव देतात ते शरीराच्या खुणेवरून, सापडलेल्या जागेवरून, नाहीतर कुणा माणसाच्या सन्मानार्थ. हे नाव शरीरात सापडलेल्या, पण शरीराच्या नसलेल्या वस्तूचं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी पॅसिफिकच्या ६ गर्तांमधले ९० ॲम्फिपोड तपासले होते. ७२ टक्क्यांच्या पोटात माणसाने बनवलेला निदान एक कण होता. मारियाना गर्तेतल्या तर प्रत्येकाच्या.

गिगासच्या अंगातही आपण पोचलो आहोत, फक्त ते भिंगाखाली दिसत नाही. विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी पीसीबी नावाची रसायनं १९७० च्या दशकात बंद व्हायला लागली. २०१७ मधल्या एका अभ्यासात मारियाना गर्तेतल्या गिगासच्या शरीरात ती सापडली, आणि तीही चीनमधल्या अतिशय प्रदूषित अशा एका नदीच्या पाण्यावरच्या भातखाचरांतल्या खेकड्यांच्या ५० पट. ही रसायनं चरबीत साठतात आणि मेलेल्या प्राण्यांबरोबर खाली जातात, आणि गर्तेचा आकार नरसाळ्यासारखा. वरून पडलेलं सगळं घसरत तळाशी. शिवाय हे जीव सावकाश जगणारे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्यांच्या स्नायूंत मिळाला, आणि त्यावरून त्यांचं आयुष्य १० वर्षांच्या वर जातं असा अंदाज निघाला. उथळ पाण्यातले भाऊबंद दोन वर्षंही क्वचित काढतात. जितकी जास्त वर्षं, तितकं जास्त साठणार.

राहिली ती पिशवी, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

मादीच्या दुसऱ्या ते पाचव्या पायांच्या मुळाशी, आतल्या बाजूला, पातळ पाती फुटतात. कोवळ्या मादीत ती छोटी आणि नागडी असतात. मादी वयात आली की पात्यांच्या कडांना लांब केस येतात. डावीउजवीकडची पाती पोटाखाली एकमेकींवर येतात, केस एकमेकांत गुंततात आणि टोपली तयार होते. अंडी त्या टोपलीत. या गणात समुद्रात भरकटणारं डिंभक, म्हणजे आईहून वेगळ्या रूपाचं पिल्लू, नसतं. अंड्यातून बाहेर येतं ते सगळे पाय मोजून घ्यावेत असं चिमुकलं पिल्लू, आणि काही काळ ते तिथेच, आईच्या पायांमध्ये राहतं. किनाऱ्यावरच्या जातींत मी हे पाहिलं आहे. पिशवीला सुई लागली आणि आतून सहा-सात ठिपके सांडले, प्रत्येक ठिपक्याला १४ पाय. त्या दिवशी मी पुढे काही कापलं नाही.

खोल समुद्रातल्या मुर्दाखाऊ ॲम्फिपोडांचे सापळे वर येतात तेव्हा त्यांत नर असतात, कोवळी पिल्लं असतात, केसाळ पात्यांच्या तयार माद्याही असतात. अंडी घेतलेली मादी मात्र सहसा नसते. एक तर्क असा, की या जिवांचं पोट मेजवानीच्या वेळी इतकं फुगतं की टोपलीतली अंडी चिरडतील. म्हणून त्या काळात ती आमिषाकडे येतच नाही. माशाचा वास तिच्यापर्यंतही पोचत असणार. ती कुठेतरी थांबते.

मागच्या महिन्यात मी बऱ्याच वर्षांनी कागद घेऊन बसले. प्रसिद्ध झालेल्या आकृत्या समोर ठेवून गिगासच्या मादीचं मोठं चित्र काढायला घेतलं, हातात पेन, शेजारी खोडरबर न ठेवता. डोकं झालं, ढाली झाल्या, केसाळ पंजा झाला, त्याला दोन संध्याकाळी लागल्या. पात्यांच्या कडांचे केस एकेक करून काढले. मग टोपलीशी आले. किनाऱ्यावरच्या मादीच्या टोपलीत अंडी कशी रचलेली असतात ते मला माहीत आहे, हाताला वळण आहे, दहा मिनिटांत झाली असती. पेनला टोपण लावलं. टोपली रिकामी आहे.